तिनाचा आठ

ब्रिजटाऊनच्या बंदरामागच्या त्या लांबलचक हॉलमध्ये एकशे दहा बायका कॉम्प्युटरवर बसायच्या, आणि युडीन गिटन्सचा निकाल चुकला असं त्यांतल्या एकीच्याही तोंडून कधी निघालं नव्हतं. निघणार कसं? चूक कुणाची हे ठरवणारीच ती.

काम तसं सरळ होतं. अमेरिकेतल्या दवाखान्यांचे विम्याचे अर्ज पोती भरभरून विमानानं यायचे, डॉक्टरांनी घाईघाईत हातानं खरडलेले. एक मुलगी अर्ज बघून त्यातले आकडे मशीनमध्ये भरायची. मग तोच कागद तपासनीस बाईकडे जायचा आणि ती ते सगळं पहिल्यापासून पुन्हा भरायची, पहिलीनं काय भरलंय ते न बघता. दोघींचं जुळलं तर मशीन गप्प. नाही जुळलं की टुंग करून वाजायचं आणि पडदा अडकून बसायचा. मग तपासनीस बाईनं कागद बघून सांगायचं, तिचं बरोबर की माझं. ‘माझं’ म्हटलं की पहिलीच्या नावावर फुली. तपासनिसाच्या नावावर फुली पडायची सोयच त्या मशीनमध्ये नव्हती. बनवणाऱ्याला ते सुचलं नसावं, किंवा सुचलंही असेल, आपल्याला कोण सांगणार.

महिन्याच्या शेवटी फुल्यांची यादी कँटीनच्या दाराशी लागायची. सलग तीन महिने जिचं नाव तळाला, तिला घरी पाठवायचे.

युडीन अकरा वर्षं तपासनीस होती. वय शेहेचाळीस, अंगावर कडक इस्त्रीचा कोट-स्कर्ट, पायात टाचेचे बूट. सगळ्याच बायका तशा नटून यायच्या म्हणा, कारखान्यात जातो असं कुणाला वाटू नये म्हणून. पण युडीनची गोष्ट वेगळी. ती हॉलमधून चालत गेली की पोरी ताठ बसायच्या. जॅसिंथ बोव्हेलला तर तिनंच इथे आणलं होतं. दोघींचं चर्च एक. जॅसिंथच्या आईनं, मा बोव्हेलनं, रविवारी प्रार्थनेनंतर हात धरून सांगितलं होतं, “सिस्टर गिटन्स, पोरगी शहाणी आहे हो, तुझ्या हाताखाली घे.” युडीननं घेतली. बोटं कशी ठेवायची, नजर कागदावरून हलू द्यायची नाही, सगळं शिकवलं. दीड वर्षात जॅसिंथ इतकी तयार झाली की यादीत तिचं नाव पहिल्या पाचांत असायचं, आणि युडीन ज्याला त्याला सांगायची, “माझी पोरगी आहे ती.”

आणि मग त्या वर्षी, ईस्टर सरलं त्या सुमारास, युडीनच्या डोळ्यांना काहीतरी व्हायला लागलं.

सकाळी बरं असायचं. दुपारचे दोन वाजले की कागदावरचे आकडे पाण्यात पडल्यासारखे व्हायचे. तीन होता की आठ, पाच की सहा, काही धड कळेना. पडद्यावरची हिरवी अक्षरं कडेनं विस्कटायची. डोळे चोळले की क्षणभर स्वच्छ, की पुन्हा तेच. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चुरचुर, आणि संध्याकाळी बसमध्ये कपाळ ठणकायचं.

दुसरी कुणी असती तर सरळ डॉक्टरकडे गेली असती. पण युडीनला कारण ठाऊक होतं, म्हणजे आपल्याला ठाऊक आहे असं तिला वाटत होतं. तिच्या आईला साखर होती. आधी डोळे अंधुक झाले, मग एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला, मग दुसरा, आणि शेवटची चार वर्षं ती म्हातारी ब्लॅक रॉकच्या घरात वस्तीतल्या खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला “कोण गं?” विचारत राहिली. आईचंही असंच झालं होतं, दुपारी दोनला. सरकारी दवाखान्यात जाऊन रांगेत उभं राहायचं तर अर्धी रांग ओळखीची. संध्याकाळच्या आत सगळ्या ब्लॅक रॉकभर झालं असतं की गिटन्सच्या पोरीलाही साखर लागली. आणि मग हॉलमध्ये. डोळे गेलेल्या तपासनिसाला कोण ठेवतं?

म्हणून ती गप्प बसली. वर्षातून एकदा कंपनीची नर्स यायची, भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगायची. युडीननं लांबून शेवटची ओळसुद्धा खडाखडा वाचली. लांबचं तिला घारीसारखं दिसत होतं. नर्सनं ‘उत्तम’ लिहिलं, आणि युडीननं त्या एका शब्दाला घट्ट धरून ठेवलं.

मशीन मात्र आता फार वाजायला लागलं. टुंग, टुंग, टुंग. जॅसिंथच्या कागदांवर तर जास्तच, कारण नवे आणि किचकट अर्ज हुशार म्हणून तिलाच मिळायचे. युडीन कागद उचलायची, खिडकीच्या उजेडाकडे धरायची, डोळे बारीक करायची. आठ वाटायचा. आणि वाटायचा म्हणजे काय, अकरा वर्षांत तिला जे वाटलं तेच बरोबर निघालं होतं. ‘माझं’ दाबायची. जॅसिंथच्या नावावर फुली.

आता इथे खरं काय ते सांगायला हवं. तिला कधीच शंका आली नाही असं नाही. यायची. रोज यायची. पण शंका आली की ती जॅसिंथकडे बघायची. पोरीनं हल्ली नखं रंगवली होती. जेवणाच्या सुट्टीत एका मेकॅनिक पोराबरोबर फिरत होती. लक्ष नाही, दुसरं काय. दुसऱ्याच्या नखांवर खापर फोडणं सोपं असतं.

सप्टेंबरच्या यादीत जॅसिंथचं नाव तळाला. दुपारी ती युडीनच्या टेबलाशी आली आणि हात पुढे बांधून उभी राहिली.

“मिस युडीन, राग मानू नका. जरा एकदा मागचे कागद परत बघाल का? माझ्याकडून इतक्या चुका कशा होतील, मलाच कळत नाही.”

“म्हणजे मी चुकीचं बघितलं, असं म्हणायचंय तुला?”

“नाही हो, मिस युडीन. तसं कसं म्हणेन मी.”

“मग कसं म्हणतेस?”

आजूबाजूच्या चार-पाच जणींची बोटं थांबली होती. युडीनला ते कळलं, आणि ती आवाज चढवून म्हणाली, “तुझे डोळे तपासून घे, पोरी. दिवसभर पडद्याकडे टक लावून बसतेस, पापणी हलवत नाहीस. नंतर पस्तावशील.”

हे तिनं सांगितलं. तिनं. पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःचं हे वाक्य आठवायचं आणि बसमध्ये बसल्या जागी कानशिलं तापायची.

जॅसिंथ बिचारी खरंच गेली. शहरातल्या स्कीट नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे, आपल्या खर्चानं, आणि सोमवारी चिठ्ठी घेऊन आली. “बघा ना, मिस युडीन.” युडीननं चिठ्ठी हातात घेतली. बारीक निळ्या शाईतलं अक्षर. तिनं हात लांब केला, आणखी लांब केला, कोपर सरळ होईपर्यंत. एक ओळ लागेना. जॅसिंथ समोर उभी, तिच्या तोंडाकडे बघत.

“काय म्हणतोय डॉक्टर?” युडीननं शेवटी विचारलं, जणू वाचायचा कंटाळा आलाय.

“डोळे चांगले आहेत म्हणतो. काही दोष नाही.”

“मग डोळ्यांचं नाही. लक्षाचं आहे.”

जॅसिंथनं चिठ्ठी परत घेतली, घडी घातली आणि “बरं” म्हणाली. त्यानंतर तिनं कधी काही विचारलं नाही.

ऑक्टोबरला नाव तळाला. नोव्हेंबरलाही. मिसेस अ‍ॅलीन, हॉलची मुख्य बाई, तिनं जॅसिंथला काचेच्या खोलीत बोलावलं आणि दहा मिनिटांत पोरगी पर्स घेऊन बाहेर पडली. जाताना युडीनच्या टेबलाशी थांबली. “शिकवलंत, त्याबद्दल आभारी आहे,” एवढंच म्हणाली. त्याच रविवारी चर्चबाहेर मा बोव्हेलनं युडीनच्या हातात केळीच्या पानात बांधलेल्या सहा कॉन्की ठेवल्या, गरम, भोपळा आणि नारळ घातलेल्या. “तू किती सांभाळून घेतलंस तिला, सिस्टर, मला ठाऊक आहे. माझ्याच कार्टीचं डोकं ठिकाणावर नाही.” युडीननं त्या घेतल्या. घरी नेल्या. खाल्ल्यासुद्धा.

जॅसिंथच्या जागी नवी मुलगी बसली. आणि मशीन तसंच वाजत राहिलं. पंधरा दिवसांत नव्या पोरीच्या नावावर तेवढ्याच फुल्या. तिच्या शेजारणीच्याही. एक लक्ष नसलेली समजू शकतो, दोघी समजू शकतो, पण युडीनकडे कागद आला की प्रत्येकीचंच लक्ष उडायचं, हे काही पटेना. एका दुपारी पडदा अडकला आणि युडीननं कागद उजेडात धरला. दिसत नव्हतं. काहीच दिसत नव्हतं, नुसत्या शाईच्या अळ्या. आणि बोट मात्र सवयीनं ‘माझं’वर जाऊन बसलं होतं.

शनिवारी ती स्कीटकडे गेली. आत शिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजू बघून घेतल्या, कुणी ओळखीचं नाही ना. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, “डॉक्टर, एकदाच काय ते सांगून टाका. साखर आहे ना? माझ्या आईला होती.”

डॉक्टर सावकाश माणूस. त्यानं थेंब घातले, दिवा डोळ्यांत मारला, इकडे बघा, तिकडे बघा. मग खुर्ची मागे सरकवली.

“कुणी सांगितलं साखर? डोळ्याच्या आत सगळं ठीक दिसतंय मला. रक्त तपासून घ्या, आईला होती म्हणताय तर घ्यायलाच हवं, पण हा त्रास त्याचा नाही. काम काय करता?”

तिनं सांगितलं.

“मग झालं की. दिवसाचे आठ तास पडद्याकडे टक लावायची म्हणजे पापणी मिटायची विसरतो माणूस. डोळा सुकतो, सुकला की धूसर. एसीचं तोंड कुठे आहे तुमच्या?”

“डोक्यावर. सरळ तोंडावर येतं.”

“अरे वा. आणि खिडकी?”

“पाठीमागे. पडद्यात चमकते.”

“कागद खाली, पडदा वर, नजर दिवसभर वर-खाली. आणि या सगळ्याच्या वर चाळिशी. शेहेचाळीस वय म्हणजे तुम्हाला दोन-तीन वर्षांपूर्वीच लागायला हवी होती. जवळचं दिसत नाही, लांबचं दिसतं, बरोबर?” तो हसला. “बाई, मेडिकलवर साधा चष्मा मिळतो याचा. इतके दिवस काय करत होता?”

इतके दिवस काय करत होता. युडीनला वाटलं होतं, साखर नाही म्हटल्यावर आनंद होईल. खुर्चीतून उठून नाचावं असा. आणि झालं उलटंच. साखर असती तर निदान देवानं दिलेलं दुखणं होतं, तोंड वर करून सांगता आलं असतं. हे तर नाकावर चढवायच्या दोन काचांचं काम होतं. त्या दोन काचांसाठी तिनं एका पोरीचं वाटोळं केलं होतं.

चष्मा लावून ती सोमवारी कामावर गेली. आकडे कसे स्वच्छ, काळेभोर, टोकदार. जुने अर्ज तीन महिने मागच्या गोदामात ठेवायचे आणि मग जाळायचे अशी पद्धत होती. जेवणाच्या सुट्टीत युडीननं गोदामाची किल्ली मागून घेतली आणि जॅसिंथच्या फुल्यांचे कागद शोधून काढले. उभ्यानंच एकेक बघितला. तीन. तीन. हाही तीन, तोही इतका ठसठशीत की लहान मूल वाचेल. नोव्हेंबरच्या बावन्न फुल्यांत एक्केचाळीस चुका युडीनच्या स्वतःच्या होत्या. ती खोक्यावर बसली. परत जाऊन जेवणाचा डबा उघडायची तिला इच्छा झाली नाही.

मिसेस अ‍ॅलीननं युडीनचं सगळं सांगणं ऐकून घेतलं. मग उठून काचेच्या खोलीचं दार लावलं.

“आणखी कुणाला बोललीस?”

“नाही.”

“मग बोलूही नकोस. युडीन, अमेरिकेला कळलं की आपली तपासनीस आठ महिने चुकीचं वाचत होती, तर पोती उद्यापासून दुसऱ्या बेटावर जातील. एकशे दहा जणी आहेत बाहेर. तुला आता चष्मा लागला ना? दिसतंय ना? मग जा, बस जागेवर. नव्या मुलीच्या फुल्या मी काढते.”

“आणि जॅसिंथ?”

“तिची जागा भरली.”

युडीन जागेवर जाऊन बसली. बसली, हेच तर. चार आठवडे बसली. तिच्या कागदांवर मशीन आता क्वचित वाजायचं, आणि महिनाअखेरीला मिसेस अ‍ॅलीननं सगळ्यांसमोर म्हटलं की गिटन्सबाईंचा हात अजून तसाच आहे. बायकांनी टाळ्या वाजवल्या. युडीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसायला लागली, आणि प्रार्थना संपायच्या आत निघायची, मा बोव्हेल भेटू नये म्हणून. पण एका रविवारी दाराशी गाठ पडलीच. मा बोव्हेल म्हणाली, “जरा तिला समजव ना, सिस्टर. तुझं ऐकते. कुठे नोकरी मागायला गेली की विचारतात आधीची का गेली, आणि ही बया गप्प उभी राहते. मी रोज सांगते, कबूल कर की लक्ष नव्हतं, माणूस माफ करतं. तर तेही करत नाही.”

त्या शनिवारी दुपारी युडीन ईगल हॉल नावाच्या नाक्यावर गेली. तिथे मा बोव्हेलची माशाच्या वड्यांची गाडी. शनिवारची गर्दी, दहा-बारा माणसं रांगेत. मा बोव्हेल कढईशी, जॅसिंथ बाजूला पाव कापत. युडीन जॅसिंथच्या बाजूनं गेली.

“जॅसिंथ, जरा इकडे येतेस?”

जॅसिंथनं सुरी खाली ठेवली, हात पुसले, आली. युडीननं मनात सगळं ठरवून आणलं होतं, पण तोंड उघडलं तर भलतंच निघालं.

“ते तीन होते. तुझे. बरोबर होते सगळे. माझ्या डोळ्यांना दिसत नव्हतं गं. मी तुझ्या नावावर टाकत गेले.”

जॅसिंथनं तिच्या चष्म्याकडे बघितलं. चेहऱ्यावर ना राग, ना आश्चर्य.

“मला माहीत आहे, मिस युडीन.”

“माहीत आहे?”

“तुम्ही माझी चिठ्ठी हात लांब करून धरलीत ना, त्या दिवशी कळलं. माझी आजी बायबल तसंच धरायची.”

“मग बोलली का नाहीस? अगं, मिसेस अ‍ॅलीनकडे जायचं होतंस.”

“कुणी ऐकलं असतं? तुमच्यापुढे माझं? आणि मला वाटलं, तुम्ही बोलाल. आज बोलतील, उद्या बोलतील. शेवटच्या दिवशी टेबलाशी थांबले ना मी, तेव्हासुद्धा वाटलं होतं.”

युडीनला तिच्याकडे बघवेना. रस्त्यावरून बस गेली, कुणीतरी “दोन वडे आणि पाव” ओरडलं. ती म्हणाली, “मी काय करू सांग. तू सांगशील ते करते.”

“माझं काही नाही. मला बंदरावर लागेल काम पुढच्या महिन्यात, बोलणं झालंय.” जॅसिंथनं कढईकडे मान वळवली. “आईला सांगा. ती मला रोज जेवताना बोलते.”

“घरी येते मी. संध्याकाळी.”

“ती मला लोकांसमोरही बोलते, मिस युडीन,” जॅसिंथ म्हणाली, आणि पाव कापायला परत गेली.

युडीन रांगेत जाऊन उभी राहिली. दुसरं काही सुचलं नाही. पुढे आठ माणसं होती, मग सहा, मग दोन. मा बोव्हेलनं मान वर केली आणि तोंडभर हसली. “अगं सिस्टर गिटन्स. चष्मा घेतलास? छान दिसतो. किती देऊ?”

“मा बोव्हेल, जॅसिंथच्या चुका नव्हत्या त्या,” युडीन म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की मागची माणसं बोलायची थांबली. “माझ्या होत्या. मला दिसत नव्हतं, आणि मी ते लपवलं. मला नंतर कळलंसुद्धा, तरी महिनाभर गप्प बसले. तुमची पोरगी त्या हॉलमध्ये सगळ्यांत चांगली होती. तुमच्या कॉन्की खाल्ल्या मी.”

मा बोव्हेलचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ, विझवायचं विसरल्यासारखं. कढईतले वडे एका बाजूनं काळे पडायला लागले. मग तिनं झाऱ्यानं ते उलटले, एकेक करून, सगळे. झारा ठेवला आणि लेकीकडे वळली. जॅसिंथ मान खाली घालून पाव कापत होती. मा बोव्हेलनं तिच्या पाठीवर हात ठेवला, पिठाचा, तेलकट, आणि तो तिथेच राहू दिला. पोरीचे खांदे हलायला लागले.

नवीन चष्म्यातून युडीनला सगळं लख्ख दिसत होतं. पाठीवरची पिठाची बोटं, म्हातारीच्या हनुवटीची थरथर, सगळं.

मग मा बोव्हेलनं हात पुसला, कागद घेतला आणि युडीनच्या मागच्या माणसाला विचारलं, “तुला किती, बाबा?”

त्यानं बिचाऱ्यानं युडीनकडे बघितलं. मग म्हणाला, “दोन.” तिनं पावात दोन वडे घातले, तिखट सॉस ओतला, त्याला दिले. मग त्याच्या मागच्या बाईला विचारलं. मग तिच्या मागच्या पोराला. कुणी युडीनला बाजूला हो म्हणालं नाही, आणि कुणी तिचं नावही घेतलं नाही. माणसं तिला वळसा घालून पुढे येत होती आणि आपापले वडे घेऊन जात होती. युडीन पर्स छातीशी धरून तिथेच उभी राहिली, कढईतला शेवटचा घाणा संपेपर्यंत.